थीमच्या आधी फाँट बघा

जुन्या लॅपटॉपवर केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा डेस्कटॉप टाकलाय, आता कुठली ग्लोबल थीम (सगळं रूप एकदम बदलणारा संच) छान दिसेल, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, ग्लोबल थीमच्या नादी लागूच नका. तिच्यासोबत स्क्रिप्टही, म्हणजे संगणकावर आपोआप चालणारे आदेशही, येऊ शकतात. मार्च 2024 मध्ये अशाच एका थीममुळे एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्या गेल्या होत्या. रंगसंगती, आयकॉन आणि वॉलपेपर वेगवेगळे निवडा, त्यात तो धोका नाही.

खरा फरक पडतो फाँटने. इथे इंदूरला आमच्या आईचा डेस्कटॉप मराठीत आहे. सुरुवातीला अक्षरं इतकी बारीक दिसायची की रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळायचे, ‘वर्ष’ वाचायलाही तिला चष्मा पुढे-मागे करावा लागे. सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘मुक्त’ (Mukta) नावाचा देवनागरी फाँट लावला, आकार 12 केला, पॅनेलची, म्हणजे मेनू आणि घड्याळाच्या पट्टीची, उंचीही वाढवली. खिडकीच्या शीर्षकाचा आणि ‘स्मॉल’चा (छोट्या मजकुराचा) फाँट वेगळा असतो, तोही बदला, बरेच जण तेवढंच विसरतात. आता राजवाड्याचा फोटो मागे लावून ती आरामात भजनं शोधते.

लॅपटॉप जुना आहे, त्यामुळे रॅम 4 जीबीच असेल तर ब्लर (मागचं धूसर दाखवणारा इफेक्ट) आणि ॲनिमेशन बंद करून बघा.