ऑफिसातलं टॅली घरच्या लॅपटॉपवर कसं उघडायचं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-७०१, खजिनदार: नमस्कार. सोसायटी ऑफिसच्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज सर्व्हर २०२२ टाकून त्यात टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. पीसीसमोर बसलं की सगळं चालतं. पण लॅपटॉपवरून, तेही ऑफिसच्याच वायफायवर, रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या पीसीचा स्क्रीन आपल्याकडे आणून चालवणं) लागत नाही. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे, त्याआधी ऑडिट. कुणी सांगेल का?

सी-२०४: काका, सर्व्हरच्या आत कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाका. आयपीव्ही४ समोर काय दिसतंय?

ए-७०१, खजिनदार: १०.०.२.१५

सी-२०४: गाडं तिथेच अडलंय. व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशीनला आपणहून नॅट जोडणी (पीसीच्या आडून इंटरनेट) देतो आणि हा तिचा नेहमीचा पत्ता. सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट मिळतं, पण राउटरवरच्या दुसऱ्या कुणालाही सर्व्हर दिसत नाही. मशीनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा आणि ‘अटॅच्ड टू’मध्ये ब्रिज्ड अडॅप्टर घ्या, म्हणजे सर्व्हर राउटरला थेट जोडला जाईल. खालच्या नावात पीसीचं इथरनेट कार्ड निवडा, वायफायचं नको. बऱ्याच वायफाय जोडण्यांना एका कार्डामागे दोन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाची ओळख) चालत नाहीत, मग आज लागतं, उद्या लागत नाही.

सी-२०४: आणि तिथेच मॅक पत्ता बदलायचं बटण आहे, त्याला हात लावू नका. टॅलीचं लायसन्स मशीनच्या ओळखीशी बांधलेलं असतं. मशीनची कॉपी काढली किंवा ओळख बदलली की लायसन्स पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायची वेळ येऊ शकते. दुसऱ्या पीसीवर हलवायचं असेल तर आधी लायसन्स सरेंडर करा, म्हणजे जुन्या पीसीवरून सोडवा.

ए-७०१, खजिनदार: केलं. आता १९२.१६८.१.३७ आलाय. पण लॅपटॉपवरून पिंग केलं (पोचतंय का तपासलं) तर उत्तर नाही.

बी-१०३: पिंगवर जाऊ नका, विंडोजची फायरवॉल ते अडवू शकते. लॅपटॉपवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन लिहून पुढे आयपी आणि पोर्ट ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं दार) द्या. शेवटच्या ओळीत ट्रू आलं की वाट मोकळी. फॉल्स आलं तर सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, रिमोट डेस्कटॉप चालू आहे का बघा. ते चालू केलं की फायरवॉलचा नियम आपोआप उघडतो.

शिवाय राउटरमध्ये हा पत्ता डीएचसीपी रिझर्व्हेशनने (राउटरने दर वेळी तोच पत्ता देणं) पक्का करा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलेल आणि पुन्हा हाच मेसेज इथे येईल.

ए-७०१, खजिनदार: ट्रू आलं! पण पासवर्ड घेत नाही.

बी-१०३: लॅपटॉप स्वतःचंच नाव पुढे करतो. ‘मोअर चॉइसेस’मध्ये दुसरं अकाउंट निवडा, सर्व्हरचं नाव, बॅकस्लॅश, मग तिथल्या यूजरचं नाव. तो यूजर सर्व्हरवर ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ गटात हवा. पासवर्ड रिकामा ठेवला असेल तर विंडोज बाहेरून आत घेतच नाही. आणि कृपया सगळ्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर देऊ नका. अकाउंटंटसाठी एक यूजर, तुमच्यासाठी दुसरा.

डी-६०२: टँकरचं बिल कुणी भरलं?

सेक्रेटरी: तो विषय कमिटीच्या ग्रुपवर घ्या. इथे हे मिटू द्या.

ए-७०१, खजिनदार: लागलं 🙏 आता घरून कसं? राउटरमध्ये ३३८९ उघडून देऊ का?

सी-२०४: अजिबात नाही. इंटरनेटवर उघडं ३३८९ शोधत दिवसरात्र स्कॅनर फिरत असतात. पासवर्डचे अंदाज लावून आत शिरतात आणि सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतात. नंबर बदलून दुसरं पोर्ट दिलं तरी ते सापडतंच. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) असतात. राउटरचा वॅन (इंटरनेटकडचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर पोर्ट फॉरवर्ड करूनही उपयोग नाही.

व्हीपीएन (इंटरनेटमधून खाजगी सुरक्षित वाट) घ्या. त्यात वायरगार्ड उत्तम, पण त्यालाही एका टोकाला बाहेरून पोचता येणारा पत्ता लागतो. सीजीनॅट असेल तर टेलस्केल हे व्हीपीएन सोपं. ते व्हर्च्युअल सर्व्हरच्या आत बसवा, नुसतं बाहेरच्या पीसीवर नको. मग लॅपटॉपवर बसवा. रिमोट डेस्कटॉपमध्ये टेलस्केलने सर्व्हरला दिलेला १०० ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. टेलस्केलची की (मशीनची ओळख) साधारणपणे १८० दिवसांनी संपते. अ‍ॅडमिन पानावर सर्व्हरसाठी की एक्सपायरी बंद करून ठेवा, नाहीतर ऐन मार्चमध्ये तो गायब होईल.

ई-४०५: रिमोट डेस्कटॉप कशाला? व्हीपीएन आहे तर टॅलीचं डेटा फोल्डर शेअर करा आणि लॅपटॉपवरच्या टॅलीमध्ये तोच डेटा पाथ द्या.

बी-१०३: ऑफिसच्या आत, वायरवर, गोल्ड (एकाहून जास्त जणांचं) लायसन्स असेल तर ते चालतं. व्हीपीएनवरून नको. टॅली फाइलमधून थोडंथोडं वाचत-लिहीत राहतं, दर वेळी सर्व्हरपर्यंत फेरी. लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) ही फेरी मिलीसेकंदाच्या आतबाहेर, घरून तीसचाळीस. लेजर (खातं) उघडेपर्यंत चहा होतो. आणि व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्ह होताना लाइन तुटली तर डेटा बिघडतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये डेटा सर्व्हरवरच राहतो, तुमच्याकडे फक्त चित्र येतं. लाइन तुटली तरी तिकडे टॅली उघडंच राहतं, पुन्हा जोडलं की अर्धवट व्हाउचर जिथे होतं तिथे.

सेक्रेटरी: लायसन्स किती घ्यावी लागतील? दोन प्रकारची ऐकतोय.

बी-१०३: दोन वेगळी खाती आहेत, एकात एक मिसळू नका.

टॅलीचं: सिल्व्हर म्हणजे एका वेळी एकच माणूस. अकाउंटंट आणि खजिनदार एकाच वेळी काम करणार असतील तर गोल्ड. टॅली उघडलं पण महिन्याच्या मोजक्याच तारखांची नोंद घेत असेल तर ते एज्युकेशनल मोडमध्ये गेलंय, म्हणजे लायसन्स सापडलेलं नाही.

विंडोजचं: सर्व्हरवर एका वेळी दोन रिमोट सेशन फुकट मिळतात, पण ती देखभालीसाठी, रोजच्या कामासाठी नाहीत. रोज वापरायचं तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसवून त्याची कॅल (वापराचा परवाना) घ्यायची, आणि सर्व्हरची कॅल वेगळी. पहिले १२० दिवस सवलत असते, नंतर दार बंद. आपल्याकडे डोमेन (सगळे यूजर एका ठिकाणाहून सांभाळणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे डिव्हाइस कॅलच घ्या, यूजर कॅल वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनशिवाय, चालत नाही. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत. साध्या विंडोज प्रोवर रॅपर नावाचं जोड-सॉफ्टवेअर टाकून जास्त सेशन मिळवायची युक्ती नेटवर फिरते. ती लायसन्सविरुद्ध आहे आणि विंडोजच्या अपडेटने कधीही मोडते.

ए-७०१, खजिनदार: पावती घरच्या प्रिंटरवर येत नाही, ऑफिसात छापली जाते.

सी-२०४: जोडण्याआधी ‘शो ऑप्शन्स’, ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये प्रिंटर्सवर टिक करा. मग टॅलीच्या प्रिंट सेटिंगमध्ये ज्या प्रिंटरच्या नावापुढे ‘रीडायरेक्टेड’ लिहिलंय तो निवडा.

ए-७०१, खजिनदार: आता अकाउंटंटला टॅली मिळत नाहीये, कुणीतरी वापरतंय म्हणतं. माझी खिडकी तर बंद आहे.

बी-१०३: फुलीवर क्लिक करून बंद केली ना? त्याने फक्त चित्र बंद होतं, तुमचं सेशन आणि त्यातलं टॅली चालूच राहतं. सिल्व्हरवर ती एकुलती जागा अडते. अकाउंटंटच्या यूजरला तुमचं सेशन बंद करता येणार नाही. तुम्हीच पुन्हा आत जा, टॅलीतून बाहेर या आणि स्टार्ट मेनूमधून साइन आउट करा. तुम्ही हाताशी नसाल तर अ‍ॅडमिन यूजरने टास्क मॅनेजरमध्ये यूजर्सवर जाऊन साइन ऑफ करायचं. पण व्हाउचर अर्धवट असेल तर ते जाईल, म्हणून आधी फोन करून विचारा.

सी-२०४: पीसीची स्लीप सेटिंग बंद करा. पीसी झोपला की सर्व्हरही झोपतो. बॅकअप टॅलीमधून ऑल्ट-वाय दाबून घ्या आणि पीसीबाहेरच्या डिस्कवर ठेवा. व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट (मशीनची जपून ठेवलेली स्थिती) त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही जातो.

ए-७०१, खजिनदार: साइन आउट केलं. अकाउंटंट आत आले.