शंका वेगळी, मोह वेगळा

ताई, शंका आली म्हणजे सैतानाने गाठलंच, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. येशू मरणातून उठला यावर शिष्य थोमाला शंका आली तेव्हा प्रभूने त्याला हाकललं नाही, उलट खिळ्यांचे व्रण असलेले हात पुढे केले (बायबल, योहान 20). शंका निदान तोंडावर बोलते. मोह गोड बोलून शिरतो. मत्तय 4 मध्ये येशूला मोहात पाडताना सैतान चक्क 'देवदूत तुला सांभाळतील' हे स्तोत्र 91 म्हणून दाखवतो, पण 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढे शब्द बरोब्बर गाळून! येशूची तिन्ही उत्तरं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातली, अगदी थोडक्यात. वाद घालत बसलाच नाही तो.

माझंच सांगते. आई आजारी होती तेव्हा बडोद्यात फतेगंजच्या खोलीत रात्री दोनला वाटायचं, 'एवढी सेवा केलीस, आता देव तुझं देणं लागतो.' ही शंका नव्हे, हिशेब होता, आणि तोही वचनांच्याच भाषेत. औषधांच्या खोक्यावर पेन्सिलीने मार्क 9:24 लिहिलं होतं, आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची विनवणी: विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. त्यापलीकडे प्रार्थना सुचायचीच नाही. सकाळी शेजारच्या गुजराती मासी दूध घेऊन आल्या की सगळं त्यांच्यापाशी ओकायचे. मंदिरात जाणाऱ्या बाई, ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पहेलां चा पी ले."