स्क्रीन रीडरवर वर्डमधील मराठी पत्रलेखन : सुरुवात कोठून करावी?

कोयनाकाठ

नमस्कार. मी एका पंचायत समितीच्या कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे दृष्टी हळूहळू कमी होत गेली आणि आता पडद्यावरचा मजकूर, अक्षरे कितीही मोठी केली तरी, वाचता येत नाही. एमएस-सीआयटी पूर्वीच झालेली आहे आणि वर्डमध्ये कार्यालयीन पत्रे, टिपण्या व तक्ते करण्याचा सराव बराच आहे. परंतु ते सारे काम माऊसने आणि नजरेने होत असे. आता संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर बसवून घेतला आहे. तो अखंड बोलतो, आणि त्या बोलण्यातून मला हवे ते नेमके कसे काढून घ्यावे हे कळत नाही. एका खासगी वर्गात चौकशी केली असता तेथे वर्डच्या वरच्या पट्टीतील आज्ञा ओळीने पाठ करण्यापासून शिकवणी सुरू झाली, ती माझ्या उपयोगाची वाटली नाही. साधे मराठी पत्र स्वतः लिहून, तपासून, छापण्यास देता यावे एवढीच अपेक्षा आहे. कोणत्या क्रमाने शिकावे? तसेच, जॉज हे याच कामाचे सशुल्क सॉफ्टवेअर कार्यालयाकडून मागून घ्यावे काय?

शुभ्रकाठी

मी जन्मतः दृष्टिहीन असून प्रौढांना संगणक शिकवतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : आपल्या कामासाठी जॉजवाचून काहीही अडणार नाही. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए मोफत आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतो आणि वर्डशी त्याचे चांगले जुळते. जॉज अनुभवून पाहायचेच असेल तर परवान्याशिवाय ते एका वेळी ४० मिनिटे चालते, त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

आता क्रमाविषयी. पहिले काही दिवस वर्ड उघडूच नये, नोटपॅड उघडावे. तेथे ना पट्टी आहे, ना सजावट. केवळ मजकूर आणि कर्सर असतो, आणि कर्सर कोठे आहे हे कानाने ओळखणे हेच आपणास प्रथम शिकायचे आहे. कोणाकडून तरी दहाबारा ओळींचा परिचित मजकूर त्यात टाकून घ्यावा. वर-खाली बाणांनी ओळ, डाव्या-उजव्या बाणांनी अक्षर, कंट्रोल धरून त्याच बाणांनी शब्द, होम व एंडने ओळीची टोके, कंट्रोल-होमने मजकुराचा आरंभ, एवढेच करीत राहावे. इन्सर्ट ही एनव्हीडीएची मुख्य कळ आहे. इन्सर्ट व खालचा बाण दाबल्यास कर्सरपासून पुढे सलग वाचन होते, आणि कंट्रोल दाबताच ते थांबते. आपण म्हणता तो ‘अखंड बोलतो’ हा त्रास निम्मा या एका कंट्रोलने मिटतो. आवाज मध्येच तोडणे हे असभ्यपणाचे नाही, आम्ही सगळे दिवसभर तेच करतो.

इन्सर्ट व १ दाबले की कळ-मदत सुरू होते. मग कोणतीही कळ दाबा, ती कोणती आहे आणि काय करते हे सांगितले जाते, प्रत्यक्षात काही घडत नाही. कीबोर्डची भीती घालवण्यास याहून चांगला उपाय मला माहीत नाही. इन्सर्ट व टी दाबल्यास खिडकीचे शीर्षक ऐकू येते. ई-मेलने आलेली फाईल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडली की टंकलेले काहीच उमटत नाही आणि नवशिका घाबरतो, तेव्हा हे शीर्षक ऐकावे, न उमटण्याचे कारण तेथेच समजते.

अक्षरयात्री

मराठी टंकलेखनाविषयी एक सूचना. रोमन लिपीत शब्द टंकून मराठी उमटवणारी साधने वापरावीत, म्हणजे नवा कीबोर्ड शिकण्याचे कष्ट वाचतील. मला दिसते, तरीही मी तेच वापरतो, आणि आपणास इंग्रजी कळांची सवय असणारच.

सहा_ठिपके

अक्षरयात्री यांच्या सूचनेमागील सद्भाव मान्य करूनही मला असहमती नोंदवावी लागते. रोमनवरून मराठी करणारी बहुतेक साधने प्रत्येक शब्दापुढे पर्यायांची यादी मांडतात. डोळ्यांना ती यादी क्षणात दिसते. कानांना मात्र एकेक पर्याय ऐकून निवड करावी लागते, आणि दोन पर्यायांत फरक केवळ वेलांटीचा असेल तर तो आवाजात बहुधा कळतच नाही. मी अंध विद्यालयात ब्रेल व संगणक शिकवते आणि विद्यार्थ्यांना पहिल्यापासून इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कीबोर्डच देते.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या या आराखड्यात, बहुतांशी, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. के या कळेवर क, शिफ्टसह ख. आयवर ग, शिफ्टसह घ. एलवर त आणि थ. ओवर द आणि ध. एफ आणि जे या कळांवर बोटांना लागणारे उंचवटे असतात, तेथे अनुक्रमे ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घेतला की विंडोज व स्पेसबार दाबून भाषा बदलता येते. आणि आपल्यासाठी विशेष सोयीची गोष्ट ही, की येथे अक्षर उच्चाराच्या क्रमाने टंकले जाते. ‘कि’ लिहिताना कागदावर वेलांटी आधी दिसते, पण टंकताना क आधी आणि वेलांटी नंतर येते. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांची येथे अडचण होते, कानाने शिकणाऱ्याची होत नाही.

आपण पुढे ब्रेल शिकणार असाल तर एक फरक लक्षात ठेवावा. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) जोडाक्षर लिहिताना हलंताचा ठिपका व्यंजनाच्या आधी येतो. इन्स्क्रिप्टमध्ये हलंत (डी ही कळ) व्यंजनाच्या नंतर दाबायचा असतो. माझे ब्रेलवर वाढलेले विद्यार्थी सुरुवातीला नेमके येथेच अडखळतात.

जोडाक्षर खोडतानाही सावध राहावे. ‘स्त्री’ टंकण्यास स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा कळा लागतात. शेवटी बॅकस्पेस दाबल्यास केवळ वेलांटी जाते आणि ‘स्त्र’ उरते. मात्र शब्दाच्या आरंभी कर्सर नेऊन डिलीट दाबल्यास सबंध ‘स्त्री’ एका फटक्यात नाहीशी होते. म्हणून दुरुस्ती शक्यतो बॅकस्पेसने करावी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तो शब्द पुन्हा ऐकावा.

कोयनाकाठ

आपणा सर्वांचा आभारी आहे. नोटपॅडवरील हालचाल आता जमू लागली आहे आणि इन्स्क्रिप्टचा सराव सुरू केला आहे. दोन शंका उरतात. ‘पाणीपुरवठा’ या शब्दात णी दीर्घ पडली की ऱ्हस्व, हे मला ऐकून ओळखता येत नाही. शिवाय कार्यालयातील काही जुनी पत्रे उघडली असता एनव्हीडीए इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असे काहीतरी असंबद्ध वाचतो; शेजारच्या सहकाऱ्याला मात्र तेथे स्वच्छ मराठी दिसते.

शुभ्रकाठी

दुसरी शंका आधी घेतो. त्या फायली युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे व चिन्हेच, फॉन्ट त्यांना केवळ मराठी आकार देतो. स्क्रीन रीडर आकार वाचत नाही, साठवलेले वाचतो. इन्सर्ट व एफ दाबल्यास कर्सरजागचा फॉन्ट ऐकू येईल. अशी पत्रे परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून घ्यावीत, आणि नवी पत्रे युनिकोडमध्येच मिळावीत अशी रीतसर मागणी करावी. यात आपल्या कौशल्याचा काही दोष नाही, हे सहकाऱ्यांना स्पष्ट सांगावे, कारण अशा वेळी ‘यांना जमत नाही’ असे सहज बोलले जाते.

वेलांटीसाठी : नम लॉक बंद ठेवून न्यूमेरिक पॅडवरील ५ एकदा दाबल्यास शब्द वाचला जातो, लागोपाठ दोनदा दाबल्यास तो अक्षरे सुटी करून सांगितला जातो. ही कळ एनव्हीडीएच्या स्वतःच्या वाचक-कर्सरजवळचा शब्द वाचते, आणि तो लिहिण्याच्या कर्सरमागोमाग येतो, त्यामुळे आधी बाणांनी त्या शब्दावर जावे. मराठी प्रूफिंग साधने (शुद्धलेखन तपासणारी) बसवलेली असल्यास एफ ७ चाही उपयोग होतो, पण गावांची व व्यक्तींची नावे तेथे चूक म्हणून निघतात. इन्सर्ट व २ दाबून टंकलेली अक्षरे बोलण्याची सोय चालू-बंद होते, इन्सर्ट व ३ ने शब्दांची. शिकताना अक्षरे चालू ठेवावीत. हात बसला की ती बंद करून केवळ शब्द ठेवावेत, अन्यथा प्रत्येक हलंत ऐकत बसावे लागते.

आता वर्डमध्ये यावे. पत्रातील जावक क्रमांक व दिनांक उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार दाबत बसू नये, कंट्रोल-आर दाबावे. ‘विषय’ मध्यभागी हवा असल्यास कंट्रोल-ई, ठळक करण्यास कंट्रोल-बी, आणि मुख्य मजकुरासाठी पुन्हा डावीकडे येण्यास कंट्रोल-एल. आज्ञा दिली म्हणजे ती लागू झाली असे गृहीत धरू नये, प्रत्येक परिच्छेदावर इन्सर्ट-एफने खात्री करावी. सही करण्यासाठी मोकळी जागा सोडली असेल तर बाणाने त्या ओळींवरून जाताना ‘ब्लँक’ असे ऐकू येते. तेवढ्या ओळी मोजाव्यात. तक्त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि बाणांनी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाता येते, आणि शेवटच्या चौकटीत टॅब दाबल्यास नवी ओळ तयार होते. अनवधानाने तसे झाल्यास कंट्रोल-झेड आहेच.

पहिल्या पत्रासाठी आपल्याच कार्यालयातील एखादे युनिकोडमधील पत्र घ्यावे, एफ १२ ने त्याची वेगळ्या नावाने प्रत करावी आणि त्यातील क्रमांक, दिनांक, पत्ता व विषय तेवढे बदलावेत.