चेनसॉचं प्रमाणपत्र: एवढे पैसे घालावेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. झाडांची छाटणी, रान काढणं, पडलेल्या झाडाचे ओंडके करणं ही कामं बरीच वर्षं करतोय. चेनसॉ (मोटरवर चालणारी साखळीची करवत) आणि ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं मशीन) हातात बसलेत, चेनला कानससुद्धा मीच मारतो. आजवर कुणी कागद मागितला नाही. आता एका मोठ्या आवाराचं वर्षभराचं काम मिळतंय, पण अट अशी की मशीन चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र पाहिजे.

चौकशी केली तर एका ठिकाणी एका दिवसात चेनसॉ, ब्रश कटर, चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन) सगळ्याचं मिळून देतात, फी किरकोळ. दुसरीकडे नुसत्या चेनसॉचंच काही दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी वेगळ्या परीक्षकासमोर चाचणी, आणि फी एवढी की त्यात नवं मशीन येईल. वर मजुरी बुडणार ती वेगळी. काम येणाऱ्या माणसाने हे का करावं? स्वस्तातला कागद चालणार नाही का?

प्रतिसाद १
आधी काम देणाऱ्यालाच विचारा, कुणाचं चालेल ते. लेखी घ्या. त्यांच्या विमावाल्याने नाकारलं तर स्वस्तातलंही महागात पडेल.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. मी असं प्रशिक्षण घेतलंय म्हणून सांगतो. एका दिवसात तीन मशीन म्हणजे हजेरीचा कागद, त्यात तुमचा हात कुणी बघत नाही. चाचणीत बघतात. पुढच्या मूठीला डावा अंगठा खालून पूर्ण वेढलाय का, इथपासून सुरुवात. बारच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीच्या) टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, तेव्हा तो अंगठाच पकड टिकवतो. आपण जुने लोक तो सर्रास मुठीवर नुसता ठेवतो.

मग ओंडका. दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरची बाजू दाबाखाली, खालची ताणाखाली. वरूनच कापत गेलात तर फट मिटून बार अडकतो. म्हणून वरून थोडं कापायचं आणि उरलेलं खालून. हे तुम्हाला हाताने माहीत असेलच, पण परीक्षक कापण्याआधी तोंडाने सांगायला लावतो. तिथेच बरेच जण गडबडतात.

खर्चाचं म्हणाल तर फीमध्ये काय काय येतं ते विचारा: संरक्षक पँट, हेल्मेट, चाचणीची फी, नापास झाल्यास पुन्हा बसण्याची फी. पँट आपली आपण घ्यायची असेल तर वर्ग बघून घ्या. वर्ग १ ची सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर तपासलेली असते, वर्ग २ ची २४ मीटरवर. एका प्रशिक्षकामागे किती जण, हेही विचारा. दहा-बारा असतील तर मशीन हातात येईपर्यंत संध्याकाळ.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. अंगठ्याचं वाचून मशीन हातात घेऊन बघितलं, बरोबर बोललात. पण उभं झाड पाडण्याचं प्रशिक्षणही आत्ताच घ्यावं का? या कामात छाटणी आणि ओंडकेच आहेत.

प्रतिसाद २
मग नको. देखभाल आणि आडवं लाकूड कापणं एवढंच आत्ता करा. झाड पाडण्याची पायरी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तसं काम आलं की तेव्हा भरा पैसे. ब्रश कटरचं मात्र त्याच मालकाला विचारून घ्या, चेनसॉच्या कागदात ते धरत नाहीत.