पॉवर व्हीलचेअर दुरुस्त करायचा हक्क कुणाचा?

अरोराकर: बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलंय, "पॉवर व्हीलचेअर म्हणजे मिक्सर नव्हे, कुणीही उघडून बसायला." वाचल्यापासून डोकं फिरलंय. मी अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरजवळ राहते. २०२१ मध्ये नवऱ्याच्या खुर्चीच्या जॉयस्टिकने, म्हणजे ती चालवायच्या दांडीने, मान टाकली. आधी विम्याची मंजुरी, मग सुटा भाग, मग तंत्रज्ञाची तारीख. सात आठवडे माणूस पलंगावर, पाठीला जखम झाली ती वेगळीच. आणि निघालं काय? तुटलेली वायर! म्हणून तर कोलोरॅडोने २०२२ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०२३ पासून कंपनीला सुटे भाग, सॉफ्टवेअर, अवजारं, माहिती मालकाला आणि बाहेरच्या कारागिरालाही द्यावीच लागते. अमेरिकेतला असा पहिलाच कायदा.

जुना तंत्रज्ञ: ते वाक्य माझं. मागे घेणार नाही. बावीस वर्षं हेच काम करतोय. वेग, वळण, ब्रेक, सगळं त्या माणसाच्या हाताप्रमाणे बसवलेलं असतं. एका आजोबांच्या नातवाने वेग वाढवून घेतला. उतारावर खुर्ची उलटली, खुब्याचं हाड मोडलं. कायदा आला होता का उचलायला?

कोथरूडकर: आणि पुण्यात कंपनीचा माणूस उगवेपर्यंत काय करायचं? बहिणीच्या खुर्चीत बारा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या आमच्या इन्व्हर्टरवाल्याने घातल्या. व्यवस्थित चालतेय.

जुना तंत्रज्ञ: सीलबंद आहेत ना? पाण्याच्या असतील तर खुर्ची कलली की ॲसिड सांडेल. आजच बघा.

कोथरूडकर: सीलबंदच आहेत! चाळीस वर्षांचं दुकान आहे त्याचं. गल्लीतला कारागीर म्हणजे तुम्हाला अडाणीच वाटतो.

जुना तंत्रज्ञ: अडाणी कुणी म्हटलं? सीलबंदमध्येही फरक असतो. यूपीएसची बॅटरी रोज खोलवर उतरवायला बनवलेली नसते. चार्जर जुळला नाही तर फुगते.

कोथरूडकर: मग हे त्याला सांगणार कोण? माहिती दाबून ठेवायची आणि चुकला की त्यालाच बोल लावायचा! केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं, वाहनं घेतली. व्हीलचेअर नाही.

अरोराकर: बॅटरी पुरे आता. इथे मेडिकेडवरच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यावरच्या, दुरुस्तीची पूर्वमंजुरीही २०२२ मध्येच वेगळ्या कायद्याने काढली. नुसते भाग मिळून भागलं नसतं.

जुना तंत्रज्ञ: बरं, माहिती द्यावी, एवढं मान्य. टायर, बॅटरी, वायर, जॉयस्टिक बदला. सॉफ्टवेअरला हात नको.

अरोराकर: नवा जॉयस्टिक जुळवायला पुष्कळदा तेच सॉफ्टवेअर लागतं. ते तुम्हालाही ठाऊक आहे.