प्रतिसाद: बिडाचा तवा चिकट होणे, डोसा न सुटणे

वर लिहिलंय की नवा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा तीनदा तेल लावून तापवला, तरी तो हाताला चिकट लागतो आणि डोसाही सुटत नाही. तवा खराब नाही, तेल जास्त झालंय. जाड थर पूर्ण पक्का होत नाही, गोंदासारखा राहतो. तो गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने काढून टाका. तवा गॅसवर कोरडा करा. मग अर्धा चमचा जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल दोन्ही बाजूंना चोळा आणि कोरड्या फडक्याने जणू काही लावलंच नाही इतकं पुसून घ्या. खिडकी उघडी ठेवून, मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, आपोआप गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. गरम तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं.

पहिले काही दिवस भाकरी, थालीपीठ करा, डोसा नंतर. टोमॅटो, चिंच, कोकम नकोच, आंबटाने थर निघतो.

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात रात्रभर ओला राहिला तर सकाळी तांबूस गंज दिसणारच. धुतल्यावर दोन मिनिटं गॅसवर सुकवा, तेलाचं बोट फिरवा, एकावर एक रचताना मध्ये कागद घाला.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात नवा घेणार असाल तर सोबत फूटपट्टी न्या. बुडाला आडवी लावून पट्टी आणि बुडामध्ये कुठेही फट दिसली तर इंडक्शनसाठी तो घेऊ नका, डगमगेल किंवा सगळीकडे सारखा तापणार नाही.