कंसाला नेमके कशाचे भय वाटले?

लोकमान्यनगर, इंदूर
नमस्कार. आमच्याकडे दर एकादशीला शेजारच्या बायका भागवत वाचायला जमतात. परवा दशम स्कंधाचा दुसरा अध्याय झाला आणि मला बाबांची नोकरी आठवली. ते बांधकाम खात्यात होते. न झालेल्या कामाची नोंद मोजमाप-वहीत करून त्याखाली सही करावी, म्हणून साहेब त्यांना वारंवार बोलावून घेत. बाबांनी सही केली नाही आणि वर्षभरात त्यांच्या तीन बदल्या झाल्या. एकदा मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा दारातून पाहिले की बाबा समोर उभे असताना साहेब टेबलावरचा पेपरवेट नुसता फिरवत होते. मान वर करत नव्हते. सज्जनाच्या पाठीशी देव असतो आणि म्हणून दुर्जन त्याला भितो, असे आपण म्हणतो. मग भीती साहेबांची आणि शिक्षा बाबांना, हे कसे?

रामबागेतील वाचक
ताई, तुम्ही वाचलेल्या अध्यायातच याचे उत्तर आहे, असे मला मनापासून वाटते. देवकीची सहा मुले मारली गेली आहेत, सातवा गर्भ रोहिणीकडे गेला आहे आणि ती स्वतः कैदेत आहे. आठव्या वेळी तिची कांती पाहून कंस मनाशी म्हणतो की माझा प्राण घेणारा हरी या गुहेत, म्हणजे हिच्या गर्भात, नक्कीच शिरला आहे, कारण ही पूर्वी अशी दिसत नव्हती. कृष्ण अजून जन्मलेला नाही, कोणी शस्त्र उगारलेले नाही, तरी त्या क्षणापासून बसता-उठता, जेवता, झोपता, हिंडता कंसाला सगळे जग हरिमय दिसू लागते. कंसाच्या त्या उद्गाराच्या आधीच्याच श्लोकात देवकीला कोंडलेल्या अग्निज्वाळेची उपमा दिली आहे: तिचे तेज बाहेर लोकांपर्यंत पोचले नाही. ते दिसले तुरुंगाच्या मालकाला. तुमच्या बाबांचेही तसेच झाले असावे. गावाला काही कळले नाही, कळले ते फक्त टेबलापलीकडच्या माणसाला.

जुना पलासिया
मी ख्रिस्ती आहे, म्हणून बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील १४वे स्तोत्र आठवले. भाकर खावी तसे लोकांना खाऊन टाकणारे तिथे एकाएकी भयभीत होतात आणि कारण एवढेच दिले आहे की देव नीतिमानांच्या पिढीबरोबर आहे. मात्र स्तोत्र संपते तेव्हाही सुटका आलेली नसते. सियोनेतून, म्हणजे यरुशलेमेतून, इस्राएलाचे तारण येवो, अशी ती आस असते. देव सोबत असणे आणि संकट टळणे या दोन गोष्टी तिथे एक मानलेल्या नाहीत.

स्नेहलतागंज
वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत, पण साहेबांना चौकशीचीही धास्ती असू शकेल. प्रत्येक भीतीत देव शोधू नये.

लोकमान्यनगर, इंदूर
चौकशी कधी झाली नाही. साहेब सन्मानाने निवृत्त झाले.
रामबागेतील काका, आपले उत्तर काल रात्री बाबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो पेपरवेट काचेचा होता, आत निळे फूल होते. मीसुद्धा त्याच्याकडेच बघत होतो, कारण माझेही पाय कापत होते. फक्त खिशातले पेन मी बाहेर काढले नाही."